रोही आडवा येतो तेव्हा

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि माझा फोन वाजायला लागला. दसऱ्यापर्यंत अकरा जणांनी विचारलं, "कोणती घेऊ?" त्यात दोन साडू, एक मावसभाऊ, भोकरचे एक जुने मित्र आणि ज्यांच्याशी माझं नातं नक्की काय लागतं हे आईलाही सांगता आलं नाही असे एक काका. सगळ्यांचा समज एकच, ह्याला गाड्यांतलं कळतं.

कळतं का खरंच? तेच जरा मोकळेपणानं लिहावं म्हणून बसलोय.

गाड्यांचं वेड मला कुठून लागलं सांगता येणार नाही. घरात गाडी नव्हती. आमच्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या वाढोण्यात, माझ्या लहानपणी गाडी म्हणजे कमांडर जीप नाहीतर ट्रॅक्स. काळी-पिवळी. आत किती माणसं बसतात हे कंपनीला माहीत नसेल पण ड्रायव्हरला बरोबर माहीत असायचं. दोघं त्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हर जवळजवळ मधोमध आणि गिअर कुणाच्या तरी गुडघ्यांच्या मध्ये. मागे लटकणारे वेगळे. एका डॉक्टरांची फियाट होती, तिचा आवाज कोपऱ्यावरून ओळखू यायचा. तालुक्याच्या साहेबाची पांढरी अ‍ॅम्बॅसिडर. बास. एवढ्यावर माझा गाड्यांचा अभ्यास सुरू झाला.

खरी लागण झाली नांदेडला शिकायला गेल्यावर. १९९८ साली ओव्हरड्राइव्ह निघालं, १९९९ ला ऑटोकार इंडिया. मेसच्या पैशातून वाचवून स्टेशनवरच्या स्टॉलवरून मी ती घ्यायचो. नवीन परवडलं नाही तर रद्दीवाल्याकडचं तीन महिने जुनं. मला काय फरक पडत होता? मी काही ती गाडी घ्यायला निघालो नव्हतो! डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचो. टॉर्क, अंडरस्टिअर, बॉडी रोल. माझं इंग्रजी सुधारलं ते ह्या मासिकांमुळे, कॉलेजमुळे नाही. आल्प्समधल्या घाटात लाल फेरारी कशी वळते हे मला तोंडपाठ होतं आणि मी स्वतः शनिवारी मुदखेडच्या पुढे ट्रॅक्सच्या टपावर बसून घरी येत होतो. :)

ते दिवसही काय होते हो. ३० डिसेंबर १९९८ ला इंडिका आली. आपल्या देशात आखलेली, पुण्यात बनणारी, डिझेलवर चालणारी छोटी गाडी. सुरुवातीच्या इंडिकामध्ये दोष होते, गिऱ्हाईक वैतागलं, लिहिणाऱ्यांनी लिहिलं. मग २००१ मध्ये व्ही-टू आली, सुधारलेली, आणि मराठवाड्यातल्या निम्म्या टॅक्स्या पुढे इंडिकाच झाल्या. २००१ लाच औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार व्हायला लागली. २००२ ला नाशिकच्या मातीतली स्कॉर्पिओ आली आणि प्रत्येक गावच्या पुढाऱ्याचं स्वप्न ठरून गेलं. दर महिन्याच्या मासिकात काहीतरी नवीन असायचंच. मी वाचायचो आणि गावी येऊन सांगायचो. पारावर, लग्नात, तेराव्याला. लोक ऐकायचे. हळूहळू मी 'गाड्यातला माणूस' झालो.

आता जे सांगणार आहे ते घरच्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहितोय.

२०११ साली माझ्या आतेभावानं गाडी घ्यायची ठरवली. घरातली पहिली गाडी. त्यानं अर्थातच मला विचारलं. मी मासिकं काढली, तुलना केली, एका कागदावर रकाने आखले आणि एक छोटी गाडी ठरवून दिली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा त्या किमतीच्या जवळपास सगळ्याच गाड्यांची हीच गत होती. तिचे तीन प्रकार होते. सगळ्यात वरच्या प्रकारात दोन एअरबॅग आणि एबीएस, मधल्यात दोन्ही नाही. फरक चाळीसेक हजारांचा. तो म्हणाला, "दादा, वरचं घेऊ का? बँक लोन वाढवून द्यायला तयार आहे."

आणि मी म्हणालो, "कामून रे? इथं कुठं शंभरच्या वर जाणार आहेस तू? एअरबॅग म्हणजे हायवेवाल्यांचं काम. मधलं घे आणि उरलेल्या पैशात चांगली टेप, अलॉय व्हील आणि सीट कव्हर टाक."

हे वाक्य माझं नव्हतं. म्हणजे शब्द माझे होते, पण शहाणपण मासिकांतलं होतं. 'व्हॅल्यू फॉर मनी' प्रकार म्हणजे मधला, हे दर तुलनेच्या शेवटी असायचं. त्या गाडीचं मी वाचलेलं सहा पानी परीक्षण आजही माझ्या कपाटात आहे. शून्य ते शंभर किती सेकंदात, तिसऱ्या गिअरला ओढ कशी, प्लॅस्टिक हाताला कसं लागतं, कप होल्डर किती. एअरबॅगचा उल्लेख शेवटच्या तक्त्यात, एका फुलीच्या रूपात.

गाडी आली. परमेश्वराच्या मंदिरासमोर पूजा झाली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, आत्यानं ओवाळलं. सीट कव्हर फार छान होतं, मरून रंगाचं. ते बसवणाऱ्यानं मागच्या सीटचे बेल्टचे हुक कव्हरखाली नीट दाबून टाकले होते. टोचत नाहीत म्हणून सगळे खूष.

जानेवारी २०१४ मध्ये बातमी आली. ग्लोबल एनकॅप नावाच्या संस्थेनं भारतातल्या पाच खपाऊ छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो, सगळ्या बिनएअरबॅगच्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचांनाही शून्य तारे. आपटायचा वेग किती होता, तर ताशी ६४ किलोमीटर. चौसष्ट! म्हणजे आमच्या भोकरच्या रस्त्यावर कुणीही सहज जातो तो वेग. आणि त्यातलीच पोलो दोन एअरबॅग लावून पुन्हा आपटली तर तिला चार तारे मिळाले. फोक्सवॅगननं मग बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं.

भावाची गाडी त्या पाचांत नव्हती, पण त्याच जातकुळीची होती. मी त्याला फोन केला. तो हसला. "दादा, आता टेप काढून एअरबॅग बसवून मिळते का?" मीही हसलो.

वर्षभरानं, २०१५ च्या जानेवारीत, नांदेडचं एक लग्न आटोपून ते सगळे रात्री परत येत होते. उसाचे दिवस. भोकर सोडल्यावर रस्त्यात पंक्चर झालेली ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, चार दगड तेवढे ठेवलेले. समोरून येणाऱ्या ट्रकचा लाइट डोळ्यांवर आणि ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झाला होता. भाऊ सांगतो की वेग साठच्या आसपास असेल. त्यानं बेल्ट लावला होता, म्हणून आज सांगायला आहे. पण स्टिअरिंगवर आपटून जबडा मोडला, दोन बरगड्या गेल्या. मागे बसलेली आत्या पुढच्या सीटवर आदळली, हाताचं हाड दोन ठिकाणी तुटलं. त्या हातात आजही रॉड आहे. भाऊ डाव्या बाजूनं भाकरी चावत नाही.

दवाखान्यात आत्या मला म्हणाली, "तुझी काय चूक रे बाबा, नशीब." ती मनापासून म्हणाली. पण मला ते वाक्य अजून पचलेलं नाही. नशिबाचा भाग ती ट्रॉली होती. ती फुली तर मी स्वतः निवडली होती.

तेव्हापासून मी गाड्यांवरचं लिखाण वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. राग म्हणून नाही. जे मासिक आवडतं त्याच्यावर माणूस चिडतो तसं म्हणा हवं तर.

नवी गाडी येते तेव्हा काय होतं पाहा. कंपनी पत्रकारांना बोलावते. गोवा, उदयपूर, नाहीतर डेहराडून. चांगलं हॉटेल असतं. सकाळी गाडीची किल्ली हातात, एका गाडीत दोघं, दोनेकशे किलोमीटर निवडलेला रस्ता. संध्याकाळी इंजिनिअर लोकांशी गप्पा. आणि परीक्षण छापायचं ते कंपनीनं ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या वेळी. त्या वेळेला यूट्यूब उघडून बघा, एकाच गाडीचे तीस व्हिडिओ एकाच मिनिटाला प्रकट होतात आणि तिसांच्या तिसांत सनरूफ उघडताना दाखवलेला असतो.

ह्यात कुणी खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. त्या माणसाला एक दिवस मिळालाय, कोरी गाडी मिळालीय आणि शेजारी एकच जण बसलाय. त्यानं जे पाहिलं ते तो लिहितो. वांधा असा आहे की ती गाडी घेणारा माणूस तसा कधीच वापरणार नाही. आमच्याकडे गाडीत पाच मोठे, दोन पोरं आणि डिकीत सोयाबीनचं नाहीतर हळदीचं पोतं असतं. ग्राउंड क्लिअरन्स एकशे ऐंशी मिलिमीटर असं छापून येतं, पण तो रिकाम्या गाडीचा की भरलेल्या गाडीचा हे फार थोडे विचारतात. भरल्यावर मागची बाजू बसते आणि आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाला सायलेन्सर खर्रकन घासतो. तो आवाज उदयपूरला येत नाही.

मायलेजचंच घ्या. जो आकडा जाहिरातीत असतो तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत काढलेला. गाडी रस्त्यावर नसतेच, रोलरवर असते. ठरलेला वेग, ठरलेलं थांबणं, कमाल वेग ताशी ९० आणि वर्षानुवर्षं हे एसी बंद ठेवून. त्यात फसवणूक नाही, सगळ्या गाड्या एकाच तराजूत तोलायच्या म्हणून ती पद्धत. पण मे महिन्यात आमच्याकडे ४३-४४ डिग्री असतं तेव्हा एसी बंद ठेवून गाडी चालवणाऱ्याला आम्ही दवाखान्यात नेऊ! आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते हे साधं शास्त्र आहे, म्हणजे थोडं मायलेज जाणारच. उसाच्या भागातल्या माणसाला इथेनॉलचा अभिमानही आहे आणि पंपावर खिशाला चिमटाही बसतो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच लेखात शांतपणे सांगणारं कुणीतरी हवं होतं. २०२५ च्या पावसाळ्यात मात्र एकतर गाड्या बाद होणार म्हणून आरडाओरडा, नाहीतर काहीच होत नाही म्हणून आरती.

किंवा गाड्यांची शेपटी कापलेली का दिसते ते घ्या. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि ठरावीक इंजिनाच्या गाड्यांना कर कमी झाला. मग २००८ ला इंडिगोची डिकी कापून सीएस आली आणि पुढे सगळ्यांनीच तो कित्ता गिरवला. २०२५ च्या जीएसटी कपातीतही तीच चार मीटरची रेघ आहे, पेट्रोलला १२०० सीसी आणि डिझेलला १५००. म्हणजे गाडीचा आकार डिझाइनरनं कमी आणि दिल्लीतल्या कागदानं जास्त ठरवलाय. माझ्या साडूला हे सांगितलं तर तो चाटच पडला. "म्हणजे ही डिकी माझ्यासाठी छोटी नाही, सरकारसाठी छोटी आहे?" अगदी तसंच.

आणि बातमी कशाची होते? २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) दीडशे लोकांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. साठ-पासष्ट कोटींचा सौदा. देशभर गाजला. मराठवाडा म्हणजे दुष्काळ एवढंच माहीत असलेल्यांना धक्का बसला, मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच मराठवाड्यात त्या वर्षी किती घरांत पहिली गाडी आली आणि ती बिनएअरबॅगची होती, ह्यावर मी तरी एक ओळ वाचली नाही. त्यातलीच एक पुढच्या वर्षी आमच्या घरी आली.

आता एक गोष्ट सांगतो. १९९७ साली स्वीडनमध्ये टेक्निकेन्स व्हार्ल्ड नावाच्या मासिकाचा एक पत्रकार मर्सिडीजची नवीकोरी छोटी ए-क्लास चालवून पाहत होता. तिकडच्या रस्त्यांवर अंधारात मूस नावाचं सांबराच्या दुप्पट थोराड जनावर एकाएकी आडवं येतं. म्हणून ते लोक प्रत्येक गाडीची एक चाचणी घेतात. सरळ वेगात जायचं, एकदम डावीकडे काढायची, लगेच परत आपल्या बाजूला आणायची, ब्रेक न मारता. ए-क्लास उलटली. कंपनीनं आधी फारसं मनावर घेतलं नाही. मग जगभर चर्चा झाली, विक्री थांबवावी लागली, गाड्या परत बोलावल्या आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा त्या छोट्या गाडीत सरसकट बसवली. आज आपल्याकडच्या साध्या साध्या गाड्यांतही ती यंत्रणा दिसते, त्या प्रवासात ह्या उलटलेल्या गाडीचा मोठा वाटा आहे.

मला ह्या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं सांगू? त्या पत्रकारानं फार मोठं काही केलं नाही. त्यानं आपल्या गावच्या जनावराचा विचार केला. बास.

आमच्याकडे मूस नाही, रोही आहे. शहरातले लोक त्याला नीलगाय म्हणतात. किनवटकडे जाताना, सहस्रकुंडाच्या बाजूला, पहाटे आणि रात्री ते रस्त्यावर येतात. रानडुकरं आहेत, म्हशी आहेत. आणि सगळ्यात धोक्याचं जनावर म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली. मग आमची 'रोही टेस्ट' कुणी घ्यायची?

मी माझ्यापुरती घ्यायला लागलोय. हसू नका.

अकरा फोन आले त्यांना मी शून्य ते शंभर सांगितलं नाही. म्हटलं, शोरूमवाल्याला सांग की टेस्ट ड्राइव्ह रात्री हवी. अंधाऱ्या रस्त्यावर. डिपर मारून बघ किती लांबचं दिसतं. नव्या एलईडी दिव्यांचे डोळे काय देखणे असतात, पण दिसणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. परीक्षणं सगळी दिवसा होतात, फोटो चांगले येतात म्हणून.

मग म्हटलं, घरातली सगळी माणसं घेऊन जा. आजीसकट. पाच जण बसवून गतिरोधकावरून ने. मागच्या सीटवर दुपारी दोन वाजता बसून बघ एसी तिथवर पोचतो का. काचेचं एवढं मोठं छप्पर आपल्या मे महिन्यात काय करतं ते डोक्यावर पडदा ओढायच्या आधी बघ. पोरगं उभं राहून सनरूफमधून डोकं बाहेर काढणार असेल तर सनरूफ घेऊच नको, हे मी साडूला स्पष्ट सांगितलं. वहिनींना राग आला. येऊ दे.

डिकीचा गालिचा उचल आणि स्टेपनी आहे का बघ. जुलै २०२० पासून, टायरमधल्या हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलं तर स्टेपनी न देण्याची सवलत मिळाली आहे. बाभळीच्या काट्याला किट पुरतं. खड्ड्याच्या कडेनं टायरची बाजू फाटली तर पुरत नाही आणि रात्री अकराला इस्लापूरच्या पुढे तू कुणाला हाक मारणार?

आणि शेवटचं, मागच्या सीटचे बेल्ट. हे मी सगळ्यांना दोनदा सांगितलं. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे गेले. मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. सारा मराठवाडा रडला. मी परळीहून परत येणारी माणसं पाहिलीत, गाड्या भरभरून, आणि एकाही गाडीत मागे कुणी बेल्ट लावलेला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. चांगल्यात चांगली गाडी. मागे बसलेले बेल्ट न लावलेले दोघं गेले, पुढचे दोघं वाचले. ह्याहून स्पष्ट परीक्षण कुठलं मासिक लिहिणार? तरी सीट कव्हरवाला आजही हुक आत दाबून देतो, आणि आपणच म्हणतो टोचतंय म्हणून. गाडीची जागा कुठली मऊ ह्यावर अर्धं पान लिहिणाऱ्यांनी मागचा हुक हाताला सहज लागतो का एवढं लिहिलं तरी किती माणसं वाचतील!

गोष्टी बदलल्यात हेही कबूल केलं पाहिजे, नाहीतर मी रडका म्हातारा ठरेन. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्यात बनलेल्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनलेली, भारतात विकली जाणारी ती पहिली. २०१९ ला एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ संपेपर्यंत शेजारच्याचीही. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. आता शोरूममध्ये खेड्यातला माणूसही "स्टार किती?" विचारतो. हा प्रश्न आमच्या पारावर ऐकला त्या दिवशी मला खरंच भरून आलं. आणि आता लिहिणारेही ताऱ्यांवर लिहितात, परीक्षणात पहिल्या पानावर. मग आधी का नाही लिहिलं? काही जणांनी लिहिलंही असेल, माझ्यापर्यंत आलं नाही. पण मोठा बदल झाला तो लंडनच्या एका संस्थेनं गाड्या आपटल्यावर. मासिकांनी गाड्या आपटाव्यात असं मी म्हणत नाही, कुणाला परवडणार? त्या फुलीला तक्त्यातून उचलून मथळ्यात न्यायला मात्र पैसे लागत नव्हते.

आता पुढचा रोही येतोय. नव्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार लावून गाडी स्वतःच ब्रेक मारते, आपल्या रेघेत राहते. छान आहे. पण आमच्या कितीतरी रस्त्यांवर ती पांढरी रेघच नाही. आणि अंधारात, चिखलानं माखलेली, बाहेर ऊस लोंबकळणारी ट्रॉली त्या कॅमेऱ्याला वाहन म्हणून ओळखू येते का? हे कुणीतरी रात्री इकडे येऊन तपासा ना! राहायला माझं घर आहे. हॉटेल साधं आहे पण ज्वारीची भाकरी आणि ठेचा मिळेल. ट्रॉली मी उभी करतो.

अजून एक खंत. चाकण, नाशिक, शेंद्रा, आकुर्डी. देशातल्या कितीतरी गाड्या मराठी मुलखात तयार होतात, वेल्डिंग करणारा मराठी, तपासणारा मराठी. आणि गाडीबद्दल नीट विचार करून लिहिलेलं मराठीत वाचायला म्हटलं तर पेपरातल्या पुरवणीत जे येईल ते, तेही पुष्कळदा कंपनीच्या इंग्रजी पत्रकाचा तर्जुमा. ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं मला विचारायचं, आणि मी मासिकातलं त्याला सांगायचं. ह्या साखळीतली शेवटची कडी मी होतो आणि ती कडीच कच्ची निघाली. म्हणून आता मराठीत लिहितो.

मासिकं अजून घेतो का? घेतो. फेरारी घाटात कशी वळते ते अजूनही दोनदा वाचतो. १९९१ च्या सिएराचं नाव लावून २०२५ च्या नोव्हेंबरात नवी सिएरा आली तेव्हा पोरासारखा रात्री जागून सगळं पाहिलं. वेड जात नाही आणि जावं असं वाटतही नाही. पण गाडी कशी पळते ह्यापेक्षा ती कशी थांबते हे आधी वाचतो आता.

भावानं ह्या दसऱ्याला गाडी बदलली. मला विचारलं नाही. स्वतःच चौकशी केली आणि सहा एअरबॅगची, पाच ताऱ्यांची घेतली. मंदिरासमोर पूजा झाली, लिंबं ठेवली. मी मुद्दाम मागचं दार उघडून पाहिलं. सीट कव्हर टाकलेलंच नव्हतं. आत्या मागे बसली, डाव्या हातानं, कारण उजवा नीट वर जात नाही, बेल्ट ओढला आणि मला म्हणाली, "हे कुठं अडकवायचं रे?"

मी अडकवून दिला. टक् असा आवाज आला. इतक्या वर्षांत एवढं चांगलं परीक्षण मी कुठेच वाचलेलं नाही.

असो. फार लिहिलं. तुमच्या घरच्या गाडीचे मागचे हुक आज एकदा शोधून बघा. सापडले नाहीत तर कव्हर फाडा, मी सांगितलं म्हणून सांगा.